बखीतचं मधाचं बोट

मी मध बोलतोय. साखरेच्या पाकात रंग कालवून बाटल्या भरतात, तो नव्हे. मी दोआनच्या वादीतला, म्हणजे डोंगरांमधल्या कोरड्या दरीतला, बोरीच्या फुलांचा, चमच्यावरून सावकाश ओघळणारा. इथे पाहुण्यापुढे माझी वाटी ठेवली की रुसवे निघतात, सोयरिकी जुळतात. मला स्वतःचा थोडा गर्व आहे. निदान होता.

ओबैद नावाच्या माणसाच्या माश्यांनी मला घडवलं. बोरी फुलल्या की ओबैद पेट्या गाडीवर लादतो, वादीच्या वरच्या अंगाला जातो आणि फुलं झडेपर्यंत तिथेच तंबू ठोकून राहतो. त्या साली वारा फार होता. धूळ उठायची, फुलांवर बसायची आणि त्याच फुलांवर माश्या बसायच्या. त्या धुळीबरोबर माझ्यात काय उतरलं ते ओबैदला दिसलं नाही आणि मलाही त्या वेळी कळलं नाही. जे उतरलं ते माझ्या गोडव्यात निपचित झोपून राहिलं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलं तरी ते बहुधा झोपेतच बाहेर पडतं. त्याला जागं व्हायला फार कोवळं पोट लागतं.

ओबैदने मला काचेच्या बरणीत भरलं आणि आपल्या बहिणीला, मुजनाला दिलं. असा मी तिच्या उंच मातीच्या घरात आलो.

मुजनाचा घरात वचक होता. पहाटेची नमाज झाली की सगळ्यांनी रांगेने यायचं. कोमट पाण्यात माझा एक चमचा आणि चिमूटभर कलौंजी, तेही तिच्या डोळ्यांदेखत घ्यायचं. मग खजुरीच्या बागेतून पाटापर्यंत चालून यायचं. जेवणात मेथी आणि लसूण हवेतच. बाहेरून आलेल्याने हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही आणि रात्री लवकर दिवे मालवायचे. मागे साऱ्या वादीत ताप फिरला, तेव्हा या घरातलं कुणीही अंथरुणाला खिळलं नाही. तेव्हापासून बायका मुजनाला विचारायला येऊ लागल्या. ती बरणीवर हात ठेवून सांगायची, "अंगातली ताकद बाजारात मिळत नाही गं. ती रोज थोडी थोडी साठवावी लागते."

सून अफ्राह तिची थट्टा करायची. "अम्मा, आपल्या घरात रोगसुद्धा दार वाजवून, चपला काढून येईल!"

मग बखीत जन्मला. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर झालेलं पहिलं मूल. त्याचा बाप सालमीन जिद्दाला नोकरीला, त्याने पोराचं तोंड फोनवरच पाहिलं. रिवाजाप्रमाणे तोंडात, टाळूला मऊ खजूर लावून झाला. पण मुजनाचं मन तेवढ्यावर भरेना. तिचं स्वतःचं एक लेकरू पाळण्यातच तापाने गेलं होतं. हे ती कुणाला सांगत नसे, पण बखीतला शिंक आली तरी तिचा चेहरा उतरायचा. आणि त्याच सुमाराला खालच्या वस्तीत गोवर आल्याची बातमी आली.

"आजपासून याला रोज माझ्या हातचं मधाचं बोट," तिने जाहीर केलं.

"नको अम्मा," अफ्राह म्हणाली. "लस टोचणाऱ्या बाईंनी बजावलंय. सहा महिने माझ्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. आणि मध तर वर्षाचा होईपर्यंत नकोच."

"मध नको? दोआनमध्ये? कुठली गं ती बाई? शहरातली, एडनची असेल!"

"कुठली का असेना."

"सालमीनला मीच चाटवलाय. आज जिद्दात पोती उचलतोय. विचार त्याला, काय झालं त्याला!"

"मला नाही ठाऊक. पण नको."

"बरं बाई. तुझं पोर, तू बघ," मुजना म्हणाली. ती इतक्या पटकन कबूल झाली, तेव्हाच मला धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अफ्राह दमून झोपली होती. मुजनाने माझं झाकण हलकेच काढलं, करंगळी बुडवली आणि बखीतच्या ओठांवर टेकवली. त्याने मिटक्या मारल्या. मुजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझा सिंह," ती पुटपुटली. इतकी माया मी कुणाच्या बोटावर पाहिली नव्हती. मला तोंड असतं तर मी तिथेच किंचाळलो असतो.

मग ते रोजचंच झालं.

पुढे बखीतला शौचाला होईना. अफ्राह काळजीत पडली. मुजना म्हणाली, होतं असं बाळांना. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने एकाऐवजी दोन बोटं चाटवली, पोट साफ व्हावं म्हणून. ज्याच्यामुळे पोट अडलं होतं तेच औषध म्हणून आत जात होतं आणि मी बरणीत बसून बघत होतो. माझ्यातलं झोपलेलं आता तिथे, त्या इवल्या आतड्यात, जागं झालं होतं.

नंतर त्याच्या पापण्या अर्ध्यावर येऊन थांबू लागल्या. तोंडातून दूध ओघळायचं, चोखायला जोर लागेना. एका सकाळी अफ्राहने त्याला खांद्यावर घेतलं आणि त्याची मान ओल्या फडक्यासारखी मागे पडली. ती ओरडली, "अम्मा!"

ओबैदने गाडी काढली. निघताना मुजनाने मला ओढणीत गुंडाळून पिशवीत टाकलं. दवाखान्यात राहावं लागलं तर पोराचं बोट चुकू नये, एवढंच तिच्या मनात.

दवाखान्यातली डॉक्टर बाई बखीतचे हात उचलून बघत होती. हात सोडले की खाली पडत होते. "रक्तात जंतू गेले असतील," ती परिचारिकेला म्हणाली आणि एका औषधाचं नाव घेतलं. परिचारिका सुई भरू लागली. तेवढ्यात डॉक्टर बाईने सहज विचारलं, "दुधाशिवाय याला काही दिलंत? पाणी, काढा, मध?"

"काही नाही," अफ्राह म्हणाली. "शपथेवर सांगते, काहीही नाही."

पिशवीभोवती मुजनाचे हात आवळले. अफ्राहच्या त्या शपथेनंतर तोंड उघडायचं म्हणजे सुनेसमोर जन्मभराची मान खाली. सुई भरून झाली. परिचारिकेने बखीतचा पाय धरला.

"थांब!" मुजना ओरडली. तिने मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. "मी दिलाय. रोज. ही झोपलेली असताना. अंगात ताकद यावी म्हणून."

डॉक्टर बाईने परिचारिकेचा हात धरला. "ही सुई नको. कुठल्याही मधात धुळीतले जंतू असू शकतात, ते तान्ह्याच्या पोटात विष करतात. तशी विषबाधा याला झाली असेल, तर या औषधाने स्नायू आणखी लुळे पडतील. श्वाससुद्धा." मग ती मुजनाकडे वळली. "खाला, अंगातली ताकद वाढवायचीच होती तर आईचं दूध होतं, वेळेवर लस होती. घरातल्यांचं हात धुणं होतं. एवढं याला पुष्कळ होतं."

अफ्राहने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. बखीतला घेऊन ती मुकल्लाच्या मोठ्या इस्पितळाच्या गाडीत चढली. आत एकीलाच जागा होती.

आज मी पुन्हा त्याच फळीवर आहे. घरात कुणी मला शिवत नाही. बखीत मुकल्लाला आहे, यंत्र त्याच्यासाठी श्वास घेतं. जपलं तर अशी बाळं सावरतात, पण वेळ फार लागतो, असं डॉक्टर म्हणतात. मुजना फोन मांडीवर घेऊन बसते. अफ्राह फोन ओबैदला करते, तिला नाही.

आत्ता शेजारची सुरैया वाटी घेऊन आलीये. याच आठवड्यात तिला नात झाली.

"मुजना, तुझ्या बरणीतला थोडा दे. पोरीला रोज चाटवीन म्हणते, अंगात ताकद येईल."

"देणार नाही."

"का गं? नातवाला चाटवलास तो चालला, माझ्या नातीला देताना हात आखडतो?"

"त्याला चाटवला म्हणून तो नळ्या लावून पडलाय, सुरैया! मी पाडलंय त्याला. माझ्या या बोटाने."

सुरैया जवळ सरकली. मग तिने मुजनाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं डोकं ठिकाणावर नाही. नजर लागली असेल पोराला. मधावर काय खापर फोडतेस? राहू दे, नको देऊस. वादीत मध कुठल्या घरात नाही?"

ती जिना उतरून गेली. मुजना ओढणी न घेताच तिच्यामागे धावलीये. खालून तिच्या हाका येताहेत, "सुरैया! अगं थांब! ऐक माझं!"

मला पाय नाहीत. मोठ्यांनो, तुम्ही मला खुशाल खा. पण ती हाक सुरैयापर्यंत पोहोचली नाही, तर ज्या घरात वर्षाच्या आतलं बाळ आहे तिथे तुम्ही तरी जा. दार वाजवा, आणि लवकर वाजवा.