अबोलीचा वाफा

"खोडाक चिकटवन घालू नको. वाळवी धरतली," सदानंदनं मुलाला दटावलं.

देवेशनं हात मागे घेतला. कुडाळला बँकेत खुर्चीवर बसणारा माणूस, इथे वाळक्या पाल्याची टोपली धरून बापाची बोलणी खात होता. फणसाचा आणि आंब्याचा हा पातेरा नर्मदानं शिमग्याच्या आधीपासून झाडून परसात रचला होता. ऊन तापायच्या आत तो अबोलीच्या वाफ्यात पसरायचा, म्हणजे माती ओली राहते आणि रोपं मे महिना काढतात. हे काम सदानंदचं. बायकोनं मध्ये हात घातलाच, तर तो सगळा पाला उचलून पुन्हा आपल्या हातानं पसरायचा, इतका हेकट.

नर्मदा विहिरीपाशी उभी होती. आज तिला त्याचा हेकटपणासुद्धा गोड लागत होता, कारण देवेश बापाला न्यायला आला होता. एसटीत ड्रायव्हर म्हणून जन्म काढलेला सदानंद मागल्या महिन्यात वेंगुर्ल्याच्या बाजारात जातो म्हणून निघाला आणि संध्याकाळी पार तळेऱ्याच्या नाक्यावर सापडला. घर कुठल्या दिशेला तेच त्याला सांगता येईना.

"आये, बाबांका कुडाळाक नेतंय. तू एकटी कशी बघतलंस?" सकाळी चहा पिताना देवेशनं विषय काढला होता.

"तिसऱ्या माळ्यार ते काय करतले? हय काम आसा, म्हणान ते माणसात आसत. कामात चुकले तर ने."

बोलून गेली खरी, पण तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

फोन आला म्हणून देवेश पुढल्या दारी गेला. सदानंदनं वाफा पुरा केला. मग कडेची माती ओढून पाल्यावर पातळ पसरली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काडेपेटी हाड गो. वारो पडलो आसा, भाजून घेतंय."

नर्मदा दोन पावलं पुढे आली. भाताचा तरवा, म्हणजे रोप, टाकायची जमीन भाजतात ती अशीच. पाला पसरायचा, वर माती, मग विस्तव. दिवसही तेच. फक्त इथे खाली अबोली होती, तिच्या आईनं आरोंद्याहून पदरात बांधून दिलेली.

"अवो, ही अबोली..." ती म्हणाली, तोच देवेश मागल्या दारात येऊन उभा राहिला.

"काडेपेटी कशाक, बाबा?"

सदानंद मुलाकडे बघत राहिला, मग बायकोकडे. आपलं काहीतरी चुकलं हे त्याला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. त्याचा तो चेहरा नर्मदाला बघवेना.

"मीच सांगलंय तेंका," ती म्हणाली. "अबोली जुनी झाली. औंदा हय भाजावळ करून तरवो टाकूचो आसा."

"मगे मगाशी वाळवी धरतली म्हणत होते ते?"

"ता माका मागसून सुचला."

तिनं चुलीजवळची काडेपेटी आणून नवऱ्याच्या हातात दिली. देवेशला शेतीतलं फारसं कळत नसे, पण आई कळत असावी. त्यानं पाण्याची बादली भरून घेतली आणि वाफ्याच्या कडेला उभा राहिला.

सदानंदनं होता तेवढ्या वाऱ्याच्या उलट बाजूनं, बेतानं विस्तव लावला. ओली रोपं चरचरली. केशरी फुलं जरा वेळ ओळखू आली, मग सगळं एकाच रंगाचं झालं. नर्मदाला रडू फुटलं. धूर होता ते बरं झालं.

"बरी भाजली गो," तो म्हणाला.

"बरी भाजली," तिनं डोळे पुसत म्हटलं.

जेवण झाल्यावर देवेश निघाला, तो एकटाच. "आयतवारी येतंय," एवढंच बोलला आणि आईच्या पाया पडला. एरवी तो कधी असा पाया पडत नसे.

उन्हं उतरल्यावर सदानंद रिकामी टोपली घेऊन परसात आला. काळ्या वाफ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"ऊन बघ कसा वाढला गो. अबोलीक पातेरो घालूक होयो."

"होय," नर्मदा म्हणाली, "घालूया."

आणि झाडू घेऊन ती फणसाखालचा पाला गोळा करू लागली.