कागदावरचा कब्जा

फारूक टेलर थकला होता, आणि तो काही एका दिवसाचा थकवा नव्हता. वडशात नाटक मंडळ्यांचे पडदे शिवता शिवता त्याची उमर गेली, आणि भाड्याच्या खोल्या बदलता बदलता बायकोची, नजमाची. म्हणून बँकेच्या लिलावात रेल्वे फाटकाजवळचं कौलारू घर स्वस्तात मिळालं, तेव्हा दोघांनी पेढे वाटले. स्वस्त काऊन मिळालं, हे विचारायचं मात्र राहून गेलं. जाहिरातीत 'कब्जा: सांकेतिक' असं छापलं होतं. त्याला वाटलं, असते बँकेची भाषा, त्यात काय एवढं!

सगळे पैसे भरून झाल्यावर बँकेच्या साहेबानं चहा पाजून अर्थ सांगितला. घर कागदावर तुमचं, पण आत माणूस राहतं. त्याला बाहेर काढायचं तर आधी कलेक्टरचा हुकूम, मग पोलीस, आणि ते होईल तेव्हा होईल. 'जसं आहे तसं' घेतलं ना तुम्ही? फारूकनं मान हलवली. घ्या, आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला!

आत राहणारं माणूस म्हणजे गुणाबाई. तिच्या पोरानं, अजयनं, घर गहाण ठेवून नाटक मंडळी काढली, मंडळी बुडाली आणि गडी नागपूरला पळाला. फारूक चावी मागायला गेला तर म्हातारीनं बसायला बाज टाकली.

"अजय बोलला होता, भाडेकरू येनार म्हणून. तूच का रे बाबू?"

खरं बोलायचं सोडून फारूक हो म्हणाला. पुढच्या महिन्यात नवरा-बायको पोरीला घेऊन आपल्याच घराच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहायला आले. गुणाबाई भाडं घ्यायची, वर पाणी जपून वापरा म्हणून बजावायची. गल्ली गालातल्या गालात हसायची. आता ह्याला भलेपणा म्हणावं की येडेपणा? फारूकलाही सांगता आलं नसतं. आज सांगतो, उद्या सांगतो करत धानाची कापणी आटपली, नाटकांचा हंगाम लागला, आणि त्याला मान वर करायला फुरसत उरली नाही.

शेवटी नजमाच कावली. पोरीला, अमरीनला, बघायला पाहुणे यायचे होते. पुढची खोली मागितली तर गुणाबाई म्हणाली, भाडेकरूचे पाहुणे मागच्या दारानं येतात. नजमानं भांडी घासली, हात पुसले आणि सरळ म्हातारीसमोर जाऊन बसली. फारूक दारातच थबकला. तिला अडवावं असं त्याला वाटलं, आणि अडवू नये असंही वाटलं.

"बाई, हे घर आमी लिलावात घेतलं हाय," नजमा म्हणाली. "तुमच्या पोरानं तुमाले खोटं सांगितलं."

गुणाबाई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "नोटीस चिपकवाले आले तवा दार मीच उघडलं होतं. पर कोणी तोंडानं म्हणत नाई, तवरक ते माह्यंच होतं ना."

म्हातारीनं सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आपली बाज मागच्या खोल्यांकडे ओढू लागली.

"मागची एक खोली किती भाड्यानं देशीन बाई?" तिनं विचारलं.

फारूकनं बाजेचं दुसरं टोक उचललं. घराचा कब्जा आत्ता खरा मिळाला होता, आणि त्याला रडू आवरत नव्हतं.