दांडीची जाळकी

त्या वर्षी दांडीच्या होळीला पहिली चूड लावायचा मान महादू तांडेलाला मिळाला आणि महादूला आभाळ ठेंगणं झालं. सकाळपासून त्यानं टोपीचा कोन चारदा बदलला आणि शेवटी होता तसाच ठेवला. ढोल दुपारपासूनच वाजत होते. सूर्य कलला तसा अख्खा गाव किनाऱ्यावर लोटला, आणि महादूच्या छातीत ढोलापेक्षा जोरात धडधडायला लागलं.

मान मिळाला होता तो नऊ वर्षांपूर्वीच्या पराक्रमासाठी. सत्त्याहत्तर सालच्या कार्तिकात तो तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, असलेली होडी वादळात सापडली. सांज व्हायच्या आधीच काळोख पडला, गावातली वीज गेली, किनारा कुठं नि खडक कुठं काही कळेना. तरी महादूनं पाच खलाशी जिवंत घरी आणले. कसे? "नाकानं!" तो छाती फुगवून सांगायचा. "मातीचा वास घेतला नि होडी वळवली!" गावानं ते नाक डोक्यावर घेतलं. घिवली-चिंचणीपर्यंत त्याचा बोलबाला झाला.

त्याच सांजेला त्याच्या बायकोनं, शकूनं, किनाऱ्यावरचं खोपटं जाळून ठेवलं होतं. चूल विझवायची राहिली, असं ती म्हणाली. आत हंगामभर सुकवलेले बोंबील होते, त्यांची राख झाली. तेव्हापासून गाव तिला 'जाळकी' म्हणायला लागला, आणि होळीच्या विस्तवाजवळ बायका तिला फिरकू देईनात. ती बिचारी पूजेचं ताट धरून मागच्या रांगेत उभी राहायची, वर हसायचीसुद्धा.

आता खरी गंमत ऐका. त्या वादळात महादूच्या नाकाला खाऱ्या पाण्याशिवाय कशाचाही वास आला नव्हता. दूर एक जाळ दिसला, त्याच्या रोखानं त्यानं होडी हाकली, इतकंच. खलाशी खाली वाकून पाणी उपसत होते, त्यांना काय कळणार? उतरल्यावर समजलं, जळत होतं ते आपलंच खोपटं. बायकोच्या वेंधळेपणानं वाचलो, हे तांडेलानं चारचौघांत सांगायचं कसं? उलट त्यानं तिलाच फैलावर घेतलं. ते आठवलं की त्याचा घास घशात अडकायचा. पण कुणी "काय तांडेल!" म्हणून हाक मारली, की सरळ खाली उतरायचा.

"लावा, तांडेल!" त्या होडीतलाच खलाशी रामा पेटती चूड घेऊन पुढं आला.

महादूनं ऐटीत समुद्राकडच्या बाजूनं चूड लावली. वाऱ्यानं ती फूऽ करून विझवली. लोक हसले. दुसरी लावली, तीही गेली. तिसरीला कुणी हसलं नाही. ढोल थांबले.

"होळी पेटत नाय म्हंजे दर्या रुसला," कुणीतरी पुटपुटलं. महादूच्या कपाळावरून घामाची धार लागली.

तेवढ्यात ताट हातात घेऊन शकू गर्दीतून पुढं घुसली. म्हातारी सुगंधा तिच्यावर खेकसली, "अगं जाळके, मागं हो!"

शकूचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. "अवो, वाऱ्याच्या तोंडाला काय लावता? मागल्या अंगानं लावा, खाली पेंढ्यात खुपसा, नि सुपाचा आडोसा धरा. खोपटं बी दोनदा विझलं होतं माज्या हातनं!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

महादूचा हात हवेतच राहिला. "दोनदा विझलं? म्हंजे... तू लावलंस ते?"

"मग काय करू? कंदील धरला असता तर दिसनार होता तुमाला? बोंबील सुके होते, वर राकेल वतलं."

"नि नऊ वर्सं बोलली नायस?" सुगंधानं विचारलं. तिचा आवाज पार उतरला होता.

"हे म्हनले नाकानं आलो. मी म्हटलं, बरं. दुसऱ्या दिशी याच पाच जनांना यांच्या भरवशावर दर्यात जायचं होतं, सुगंधाबाय. भरवसा मोडून कसं चालंल?"

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! आपली थाप, आपली ऐट, आपल्या शिव्या, सगळं. महादूला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ असा काही आनंद उसळला की त्याला ओरडल्यावाचून राहवेना.

"ऐका रे समदे! माज्या नाकाला काय बी कळलं नव्हतं! हिचा जाळ बघून आलो मी! नि घरी येऊन हिलाच शिव्या दिल्या!"

रामा पुढं आला, त्यानं नवी चूड पेटवली आणि ती महादूला न देता शकूपुढं धरली. महादूनं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. शकू मागल्या अंगाला जाऊन वाकली, सुगंधानं स्वतः सुपाचा आडोसा केला, आणि बघता बघता होळीनं असा पेट घेतला की पुढची रांग दहा पावलं मागं हटली.

ढोल कडाडले. पोरं तालावर ओरडायला लागली, "जाळकी! जाळकी!"

बायकांच्या मागच्या रांगेत, हातातलं ताट सांभाळत, सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता तो महादू.