मिरज लाईनचं इंजिन

रविवारी सकाळी आमच्याकडे बाबांची गाडी विकत घ्यायला कुणीतरी येतं आणि ती न घेताच जातं. मला या प्रकाराचा कंटाळा आला आहे. चहा मी करते, पलंगाखालचे रूळ मी ओढून काढते, फरशीवर मांडते, ट्रान्सफॉर्मरची पिन हॉलमधल्या त्या एकाच धड चालणाऱ्या सॉकेटमध्ये मी खुपसते आणि पाहुणा गेला की सगळं पुन्हा आत ढकलते. आठवडाभर बँकेत मान मोडून काम करायचं आणि सुटीच्या दिवशी वारज्यातल्या तिसऱ्या मजल्यावर स्टेशनमास्तर व्हायचं. माझे गुडघेही पन्नाशी ओलांडून गेले आहेत, पण त्यांची चौकशी करायला कुणी येत नाही.

बाबा म्हणजे श्यामसुंदर मेहेंदळे. खडकीची सरकारी नोकरी सोडून त्यांनी स्वारगेटच्या मागे एक पत्र्याची शेड घेतली आणि तिथे पितळेची आगगाडीची इंजिनं करायला लागले. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी, पण दोन हातांत मावतील एवढी. घाटात गाडीला मागून रेटणारी इंजिनं, मालगाडीची इंजिनं, नाकाड पुढे काढलेली मेलची इंजिनं. चाकापासून शिट्टीपर्यंत सगळं शेडमध्येच व्हायचं. सोबतीला दोन कारागीर होते, पण शेवटचा हात बाबांचाच. मी लहान असताना शहरातल्या सुखवस्तू घरांत दिवाळीला मेहेंदळ्यांची गाडी घेणं ही एक गोष्ट होती. आता त्या जागेवर मोबाईलचं दुकान आहे. दुकानदाराला शेडबद्दल काही ठाऊक नाही आणि मीही त्याला सांगायला गेलेले नाही.

गाडी विकण्याबाबत बाबांचा एक नियम होता, तो अजूनही आहे. गिऱ्हाईक आलं की गाडी रुळावर सोडायची आणि गाडीकडे न बघता गिऱ्हाइकाकडे बघायचं. उभ्या उभ्या बघणाऱ्याला गाडी नाही. जो खाली बसतो, वाकतो, गाल फरशीला टेकवून समोरून येणारं इंजिन बघतो, त्यालाच ती मिळायची. या नियमापायी भली भली माणसं रिकाम्या हाताने परत गेली आणि आईने आत कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाने दुकानदाराची पारख करायची असते, इथे सगळं उलटंच आहे, असं ती म्हणायची. पुण्यात ते तितकंसं उलटं नाही, हे मिरजेहून आलेल्या बाईला शेवटपर्यंत पटलं नाही.

आईचं नाव मंदाकिनी. शेडमध्ये ती वर्षातून एकदाच यायची, खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. कानशी, हातोड्या, लेथ, सगळ्यांना झेंडू वाहिला की ती त्या वर्षी झालेली इंजिनं रांगेने मांडायची आणि एकेकाला धुराड्याच्या पायथ्याशी बोटाने कुंकू लावत जायची. पूजेचं कुंकू पुसायचं नाही, असा तिचा हट्ट होता. म्हणून बाबा कुंकू तसंच ठेवून त्यावरून लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, हात द्यायचे. कुंकू आतच राहायचं, कायमचं. आणि पूजा झाल्याशिवाय इंजिन शेडबाहेर जायचं नाही, मग गिऱ्हाईक चैत्रापासून दारात बसलेलं का असेना.

आई एका श्रावणात गेली. त्या वर्षी घरात सण नव्हता, त्यामुळे खंडेनवमीही झाली नाही. पुढची खंडेनवमी यायच्या आत बाबांनी शेड सोडली. लोकांना त्यांनी सांगितलं की प्लॅस्टिकच्या गाड्या आल्या, धंदा बसला. लोकांना ते लगेच पटलं, कारण त्या दिवसांत सगळ्यांचेच धंदे कशा ना कशामुळे बसत होते.

मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून बंगळूरला गेली, माझे यजमान गेले आणि बाबा माझ्याकडे राहायला आले. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या. आईचा लाकडी करंडा आणि जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक इंजिन.

हे इंजिन बाबांनी आई गेल्यानंतर त्या रिकाम्या शेडमध्ये एकट्याने केलं होतं. मिरज लाईनचं, मीटरगेजचं. पुण्याहून मिरजेला एके काळी छोट्या रुळांवरून गाडी जायची आणि लग्नानंतर आई पहिल्यांदा पुण्याला आली ती त्याच गाडीने. त्या इंजिनासाठी बाबांनी वेगळे, अरुंद रूळही केले. विकायला म्हणून त्यांनी तसलं इंजिन कधी केलंच नव्हतं. आता वयामुळे त्यांचे हात थरथरतात, दिसतंही कमी. आपल्यामागे हे भंगारात जाईल या एका धास्तीने त्यांना ते विकायचं आहे. त्यात त्यांचा जीव अडकला आहे, हे मला दिसतं. कुणीतरी वाकून बघावं, हातात घ्यावं आणि म्हणावं की हो, हे मेहेंदळ्यांचंच काम. एवढं झालं की ते सुटले.

पण येणारे सगळे उभे राहूनच बघायचे. एकाला ते हॉटेलच्या स्वागतकक्षात काचेखाली ठेवायचं होतं. एकाने फोन समोर धरून दुबईच्या भावाला दाखवलं आणि स्वतः बघितलंच नाही. येरवड्याहून आलेले एक गृहस्थ तर पायातले मोजेसुद्धा काढायला तयार नव्हते, खाली बसणं दूरच. बाबा प्रत्येकाला चहा पाजून नम्रपणे सांगायचे, "आपल्याला जमायचं नाही हे." गृहस्थ रागावून गेले की बाबा पेपर उघडायचे आणि मी रूळ उचलायचे.

परवाच्या रविवारी शौनक आला. पस्तिशीच्या आतबाहेरचा, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. मेहेंदळ्यांच्या गाड्या जमवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे म्हणे आणि त्याच्यासाठी हा आमच्या शेडचा इतिहास लिहून काढतो आहे. आमच्या शेडला इतिहास आहे हे ऐकून मला हसू आलं आणि हसायचाही कंटाळा आला. त्याने पाठीवरच्या सॅकमधून आपलं इंजिन काढून दाखवलं. जुन्या बाजारात एका गाळ्यात कुलपांच्या ढिगाखाली सापडलेलं मेलचं इंजिन होतं ते. खूप खूश होता.

मी रूळ मांडले, बाबांनी बटण फिरवलं. मिरजेचं इंजिन जरा अडखळलं आणि मग निघालं. आणि शौनकने, कुणी काही न सांगता, सरळ पालथं पडून गाल फरशीला टेकवला. सकाळी मी केर काढला होता की नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. बाबा गाडीकडे बघतच नव्हते. ते त्याच्याकडे बघत होते आणि मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता असा त्यांचा चेहरा झाला होता.

"घ्या हातात," बाबा म्हणाले.

शौनकने इंजिन उचललं, खिशातून सोनाराकडे असतं तसलं भिंग काढलं आणि धुराड्यापाशी धरलं. मग दुसऱ्या बाजूने धरलं. मग खिडकीशी गेला. मला तेव्हा कळलं तो काय शोधतो आहे ते.

तो परत येऊन बसला. मग, वयामुळे बाबांची आठवण गोंधळली असेल असं धरून, समोर बसलेल्या म्हाताऱ्याला दुखवू नये म्हणून जपून जपून बोलायला लागला. काम सुंदरच आहे, म्हणाला. पण यावर लाल ठिपका नाही. ग्रुपमधल्या प्रत्येक ओरिजिनल इंजिनावर तो आहे, नकली तेवढ्यावर नाही, ओळखायची खूणच ती. शिवाय मेहेंदळ्यांनी मीटरगेज केल्याची कुठे नोंद नाही.

"आजोबा, रागावू नका," तो म्हणाला, "पण हे मेहेंदळ्यांचं नसावं."

मेहेंदळ्यांच्या तोंडावर हे सांगायला धाडस लागतं. आता बाबा त्याला सोलून काढणार म्हणून मी वाट बघत राहिले. शेडमध्ये येऊन चुकीचं बोललेल्या माणसाचं ते काय करायचे हे मी लहानपणापासून पाहिलं होतं.

बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. नाहीच ते."

एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला, इंजिन परत घेतलं आणि धोतरात गुंडाळायला लागले. गुंडाळी दोनदा सुटली, तिसऱ्यांदा त्यांनी गाठच मारली. मला त्यांचा राग आला. शौनकचा आला, त्या भिंगाचा आला, ठिपक्याच्या मापाने माणसं मोजणाऱ्या त्या ग्रुपचा तर फारच आला. नोकरी, औषधं, सोसायटीची पाण्याची कटकट, सगळं सोसून मी इतके रविवार रूळ मांडले ते काय हे ऐकायला? मी शौनकला सगळं सांगून टाकलं. ठिपका म्हणजे शिक्का नाही, खूणही नाही, माझ्या आईने खंडेनवमीला लावलेलं कुंकू आहे ते. ती गेली, पूजा राहिली, म्हणून यावर ते नाही. हे इंजिन तिच्या माहेरच्या वाटेवरचं आहे.

शौनकने मान खाली घातली. मग त्याने आपलं इंजिन आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी बघितलं. लॅकरखाली लाल फराटा होता आणि त्या फराट्यात बोटाच्या रेषा होत्या. बारीक, स्पष्ट. आईचा एक फोटो आहे आमच्याकडे, दोन साड्या आहेत, करंडा आहे. तिचं बोट असं कुठेतरी शिल्लक असेल, लोकांच्या घरांत, कुलपांच्या ढिगाखाली, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"आता कळलं ना," बाबा म्हणाले. ते शौनकशी बोलत होते की माझ्याशी, कोण जाणे. "ती लावायची तेव्हा ते इंजिन पुरं व्हायचं. हे अर्धंच आहे. अर्धं कसं विकणार?"

मग ते धोतराची गाठ सोडायला लागले. "पूर्णिमा, करंडा आण."

मी उठले नाही. सहा वर्षांपासून मी कुंकवाला हात लावलेला नाही. संक्रांतीनंतर दोन मजले खालच्या भाग्यश्रीकडे हळदीकुंकू असतं तेव्हा ती सगळ्यांना बोलावते आणि माझं वाण संध्याकाळी गुपचूप दारात आणून देते. बाई चांगली आहे, मनाला लावून घेऊ नका म्हणते. मी लावून घेत नाही. दमलेल्या माणसाला तेवढं जमतं.

"बाबा, मी कशी लावू?" मी म्हणाले. "भाग्यश्रीला बोलावू का?"

"भाग्यश्रीचा काय संबंध?" बाबा म्हणाले. "मिरजेच्या गाडीला मंदाकिनीची मुलगी कुंकू लावेल. आणि शेड सोडायच्या आधीही तूच लावणार होतीस. मीच विचारलं नाही तुला. वाटलं, तुझी तू येशील."

मीही तेव्हा तेच म्हटलं होतं मनाशी, की त्यांचे ते बोलावतील. तेव्हाही आणि आताही एका घरात राहून आम्ही दोघांनी एकमेकांची वाट बघितली.

मी करंडा आणला. झाकण घट्ट बसलं होतं, ते शौनकने उघडून दिलं. कुंकू तळाशी वाळून खडा झालं होतं. मी वाटीत घेऊन दोन थेंब पाण्यात कालवलं, अनामिका बुडवली आणि धुराड्याच्या पायथ्याशी टेकवली. बोट सरकलं, फराटा जरा वाकडा गेला. पुसावं म्हणून मी पदर पुढे केला तर बाबांनी मनगट धरलं.

"पुसायचं नाही."

शौनक आता गुडघ्यांवर बसला होता. हे इंजिन घरी न्यायला आवडेल, पण लोक विचारतील तेव्हा काय सांगू, असं त्याने विचारलं. इतिहासात काय लिहू, मेहेंदळ्यांचं शेवटचं इंजिन असं लिहू का?

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "तिला विचारा. ठिपका तिचा आहे."

लिहा, मी म्हणाले. शौनकने मान डोलावली. बाबांनी त्याला लगेच नेऊ दिलं नाही. आधी लॅकर द्यायला हवं, ते वाळायला हवं, रविवारी या, आणि घाई असेल तर जुना बाजार आहेच, असं त्यांच्या नेहमीच्या सुरात सांगितलं. लॅकर कोण आणणार आणि कोण लावणार हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

मी चहा करायला आत गेले. बोट धुवावं म्हणून नळ सोडला आणि तसाच बंद केला. बाहेर येऊन बाबांच्या हातात कप दिला तेव्हा कपाच्या कानाला माझं लाल बोट उमटलेलं होतं. बाबांनी ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि कप दुसऱ्या बाजूने धरून चहा प्यायले.