वाढत्या अंगाची सायकल

एप्रिलमध्ये चिनात्सुची माध्यमिक शाळा सुरू होणार होती. तिच्या आईने, मित्सुएने, सगळं वाढत्या अंगाचं घेतलं होतं. गणवेशाच्या बाह्या पार बोटांपर्यंत येत होत्या. जपानमधल्या सागा शहरातल्या साऱ्या आया असंच करतात, त्यात वावगं काही नाही. सायकलही मोठी, सत्तावीस इंची घ्यायची असं ठरवूनच ती कुवाबारांच्या दुकानात शिरली.

म्हाताऱ्या कुवाबारांनी मुलीला नखशिखांत न्याहाळलं. "हिला चोवीस इंची घ्या, बाई," म्हणत त्यांनी कोपऱ्यात धूळ खात पडलेली निळी सायकल पुढे ओढली.

मित्सुएच्या मनात पाल चुकचुकली. महाग सोडून स्वस्त विकायला निघालेला दुकानदार तिने जन्मात पाहिला नव्हता. गेल्या वर्षीचा माल गळ्यात मारत असणार!

"वर्षभरात ही ताडमाड वाढेल, मग?"

"सीट वर सरकते. तीन वर्षं सहज निघतील."

"तुम्ही असंच म्हणणार."

"म्हणणारच. बाही लांब झाली तर दुमडता येते, बाई. चाक कसं दुमडाल? ही कालव्याच्या कडेने शाळेत जाणार ना? तिथे कठडा नाही. समोरून गाडी आली की थांबून पाय टेकावा लागतो."

"भीती दाखवून माल खपवू नका. चिनात्सु, बस गं त्या मोठीवर."

चिनात्सुने दुकानासमोर दोन फेऱ्या झोकात मारल्या. मित्सुएने म्हाताऱ्याकडे बघून नाक उडवलं.

"आता थांब, पोरी," ते म्हणाले.

तिने ब्रेक दाबला. पाय जमीन शोधत राहिला आणि सायकल कलंडली. म्हातारे शेजारीच उभे होते, म्हणून मुलगी वाचली.

तरीही मित्सुएने वाकून पाहिलं, याने सीट मुद्दाम वर तर केली नाही? सीट अगदी खाली होती.

"पाय पुरत नाही हे मला माहीत होतं," चिनात्सु पुटपुटली. "शेजारच्या ताईच्या सायकलवरून दोनदा पडलेय. पण तू म्हणालीस मोठीच घ्यायची, म्हणून बोलले नाही."

दुकानदाराची नियत मित्सुए तासभर तपासत होती, पण लेकीला एका शब्दाने विचारलं नव्हतं! तिने म्हाताऱ्यांपुढे वाकून माफी मागितली आणि निळी सायकल घेतली.

तेव्हा मंडळी, सायकल घेताना दुकानदारावर खुशाल संशय घ्या. पण आधी चालवणाऱ्याचे पाय जमिनीला टेकतात का ते बघा आणि त्यालाच विचारा. खरं सांगायची त्याला भीती वाटणार नाही, अशा आवाजात विचारा.