बर्फ फेकायचं यंत्र आणि हेल्मीची मान

ऑक्टोबर लागला की आर्मास कंगासला घरात चैन पडत नसे. पहिला बर्फ यायला अजून दोन-तीन आठवडे असायचे, पण हा माणूस सकाळी कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभा राहायचा. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत जाणाऱ्या खडीच्या वाटेकडे तो असा बघायचा की जणू तिने त्याचं काही घोडं मारलंय. वाट सरळ, दोनशे पावलांची. उन्हाळ्यात तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल मात्र घरातलं सगळं बोलणं तिच्यावरूनच चालतं.

"यंदा ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा, बर्फ फेकायचा ब्लोअर घ्यायचा," मंगळवारी तो म्हणाला. "केन्याच्या दुकानात दोन आलेत."

हेल्मी कप विसळत होती. "बरं," ती म्हणाली. बावन्न वर्षांच्या संसारात ती इतक्यांदा 'बरं' म्हणाली होती की आता त्यासाठी डोकं लागतच नव्हतं, तोंड परस्पर म्हणून टाकायचं. खरं तर आज तिला दुसरंच काहीतरी सांगायचं होतं. गावातल्या वयस्कर लोकांच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. त्यांच्या मुलीने उन्हाळ्यातच दोघांचं नाव घालून ठेवलं होतं. तिथल्या ऑफिसातली बाई काल फोनवर म्हणाली, शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर पुढच्याला देते. तिथे दारातला बर्फ पगारी माणसं काढतात. हेल्मीने फोन ठेवला आणि नुसती खुर्चीत बसून राहिली. त्या एका गोष्टीने तिला भरून आलं होतं.

पण आर्मासला सांगायचं कसं? त्याच्या लेखी हिवाळ्याला कंटाळून गावात जाणं म्हणजे भर रस्त्यात धोतर सुटण्यासारखं. त्याचा जिवाभावाचा दोस्त आइनो दोन वर्षांपूर्वी त्याच इमारतीत गेला, तर हा पठ्ठ्या वर्षभर त्याच्याकडे फिरकला नाही. आणि या बर्फाळ मुलखातल्या लोकांची एक खोडच आहे. कसं चाललंय विचारलं की पाय मोडलेला असला तरी 'तसं ठीकच' म्हणायचं. दमले, हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. हेल्मीही त्यातलीच. गेल्या फेब्रुवारीत रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या सरकारी नांगरगाडीने वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा बांध करून ठेवला होता. बर्फ कसला, दगडच तो! आर्मासची मान तेव्हा अवघडलेली होती, म्हणून ही बहात्तर वर्षांची बाई लोखंडी फावडं घेऊन तो फोडायला गेली. अर्धा फोडला, मग त्याच्यावरच बसून हमसाहमशी रडली. घरात येऊन म्हणाली काय, तर 'झालं थोडंफार.'

एप्रिलमध्ये आर्मासच्या मानेचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण त्याबरोबर मान वळणंही गेलं. मणक्यांना स्क्रू लावलेत. बाजूला बघायचं तर त्याला खांद्यापासून सगळंच वळावं लागतं. त्यामुळे आता गाडी हेल्मी चालवते.

बुधवारी दोघं केनी ट्रेव्हॅरोच्या दुकानी गेली. केनी पन्नाशीचा, पोट सुटलेला, जिभेला हाड नसलेला. लहानपणी शाळेच्या जेवणघरात हेल्मीच्या हातचं खाऊन मोठा झालेला, म्हणून तिला मावशी म्हणायचा. पटांगणात ट्रॅक्टरची अवजारं ओळीने मांडली होती. माती सारखी करायची फळी, पालापाचोळा झाडायचा गोल ब्रश, गवत कापायची यंत्रं, आणि कडेला ते दोन लाल ब्लोअर, वर बर्फ उडवायचं, हवं तिकडे वळवता येणारं धुराडं लावलेले.

"काका, ही फळी बघा," केनी म्हणाला. "उन्हाळ्यात वाटेची खडी सारखी करा, हिवाळ्यात बर्फ ढकला. एकात दोन कामं."

"ढकलून ठेवू कुठे? तुझ्या डोक्यावर?" आर्मास म्हणाला. "गेल्या साली ट्रॅक्टरच्या पुढच्या बकेटने ढकलून बघितलंय. जानेवारीतच दोन्ही कडेला भिंती झाल्या. आपल्याला लांब फेकणारं पाहिजे."

"मग ब्रश घ्या. हलका बर्फ झकास झाडतो."

"हलका? इथे काय पिठीसाखर पडते का रे?"

केनी खोखो हसला. हेल्मीलाही हसू आलं. हा माणूस असा बोलायला लागला की अजून आवडायचा, हीच तर पंचाईत होती.

"तुमच्या मानेला खरं म्हणजे पुढे जोडायचा ब्लोअर बरा," केनी म्हणाला. "नाकासमोर बघायचं आणि चालवायचं. पण तुमच्या जुन्या ट्रॅक्टरला पुढे ब्लोअर फिरवायचा दांडाच नाही. तो घ्यायचा तर ट्रॅक्टर बदलावा लागेल."

"ट्रॅक्टर बदलायचा? मग बायकोही बदलून दे."

"बायको नाही मिळत हो आमच्याकडे. फक्त सुटे भाग."

राहिला मागचा ब्लोअर. तो ट्रॅक्टरच्या पाठीला जोडतात आणि सगळी वाट उलटं जात साफ करतात. म्हणजे तासभर मान मागे वळवून बसायचं, वारा फिरला की सगळा भुगा तोंडावर. केनीने नमुन्याचा ट्रॅक्टर आणून ब्लोअर जोडून दाखवला. आर्मास चढून बसला. खांदे वळवून बघितले, कंबर वळवून बघितली, स्टिअरिंगवरचा हात सुटला. शेवटी लालबुंद होऊन खाली उतरला.

"आरसे लावले तर?" हेल्मी हळूच म्हणाली.

"दोन मिनिटांत बर्फाने भरतात, मावशी."

"आरशाचं सोड," आर्मास म्हणाला. "तू बस. तुझी मान चांगली आहे."

"मी?"

"केन्या, सीट दोन खाचा पुढे घे. हिचे पाय आखूड आहेत. आणि धुराडं वळवायचा दांडा डाव्या हाताला येतो का बघ, हिचा उजवा खांदा थंडीत धरतो."

हेल्मी बघतच राहिली. म्हणजे याने घरीच सगळं ठरवून ठेवलं होतं तर. खिडकीशी उभा राहून हा नुसती ती वाट बघत नव्हता, त्या वाटेवर हिला बसवून बघत होता. पाय, खांदा, हात, सगळ्याची काळजी केली होती बिचाऱ्याने. एक गोष्ट तेवढी विचारायची राहिली होती.

ती वर चढली. सीट तिच्या मापाची झाली होती, पाय नीट टेकले.

"आता उजव्या खांद्यावरून मागे बघा," केनी म्हणाला. "ब्लोअरची दोन्ही टोकं दिसतात?"

दिसली असती. तिने मान अर्धी वळवली आणि तिथेच थांबवली.

"आई गं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"लागते इथे. मान. महिना झाला, अशीच धरते."

असं धडधडीत खोटं ती उभ्या आयुष्यात बोलली नव्हती. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आर्मास खाली उभा होता. त्याचा हात ब्लोअरच्या लाल पत्र्यावर होता, गोठ्यातल्या जनावरावर ठेवावा तसा.

"कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"त्यात काय बोलायचं. तसं ठीकच आहे."

"मग मागचा नको, काका," केनी म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, आणि तो काही गिऱ्हाईक गेलं म्हणून नव्हे. "उद्यापर्यंत बाजूला ठेवतो. घरी जाऊन विचार करा."

दोघं गाडीत बसली. हेल्मीने गाडी सुरू केली. मागे एक रिकामा ट्रेलर, डावीकडे पाण्याची टाकी, मधून जेमतेम गाडीएवढी जागा. तिने हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला, मान पार मागे वळवली आणि एका झटक्यात गाडी मधून काढली. रस्त्याला लागायच्या आधी तिला जाणवलं की शेजारी काही हालचाल नाही. तिने तिकडे बघितलं. आर्मास अख्खा तिच्याकडे वळून बसला होता, पट्टा गळ्यात रुतलेला.

तिने ब्रेक दाबला.

"दुखत नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

सांगायच्या शंभर तऱ्हा तिने रात्रंदिवस घोकल्या होत्या. त्यातली एकही आठवली नाही.

"मी दमले रे," ती म्हणाली. "मला नाही बसायचं त्याच्यावर. पुढचा नको, मागचा नको, फळी नको. मला हा हिवाळाच नको. गावात खोल्या रिकाम्या आहेत, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. मला जायचंय. मी नुसती दमले, आर्मास, आणखी काही नाही."

आता हा चिडणार, नाहीतर थट्टा करणार, नाहीतर घरापर्यंत तोंड शिवून बसणार. तिन्हींतलं काहीही सोसायची तिची तयारी होती.

"तिथे का नाही बोललीस?"

"तू माझ्या पायांचं माप सांगत होतास."

रस्त्यावरून लाकडाचा एक ट्रक गेला, मग दुसरा. मग त्याने पट्टा काढला, दार उघडलं आणि उतरला. पटांगणातून ताठ मानेने चालत तो केनीच्या ऑफिसात शिरला. काचेतून दिसत होतं. आर्मास बोलत होता. केनी आधी हसला, मग त्याचं हसू विरलं, मग त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. हेल्मीने स्टिअरिंग घट्ट पकडलं.

पाचेक मिनिटांनी आर्मास परत आला. बसला, पट्टा लावला, आपल्या सवयीने समोर बघायला लागला.

"काय सांगितलंस त्याला?"

"ब्लोअर नको म्हणून. कुणाला पाहिजे असेल तर आपला ट्रॅक्टरही विकायचाय म्हणून."

"का विकतोय, विचारलं असेल त्याने."

"विचारलं. म्हटलं, मी दमलो. माझ्याच्याने आता होत नाही, म्हटलं." त्याने घसा साफ केला. "तुझं नाव नाही घेतलं."

उद्या सकाळी केनीच्या दुकानातल्या कॉफीवर ही बातमी साऱ्या गावाला कळणार होती, आणि हे आर्मासइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. हेल्मीला आता त्याचं तोंड बघायचं होतं. तो वळणार नव्हता, म्हणून तीच स्टिअरिंगवर पुढे झुकली.

"आणि तू खरंच दमलास का रे?"

"नाही," आर्मास म्हणाला. "चल, घे गाडी."