दादाच्या नंबरावर

मित्रांनो, मी एक वेबसाईट आहे. हसू नका! जुन्या छत्रीला मनोगत असतं, मग मलाच का नसावं? माझी मालकीण मृणाली अंजूरला राहते आणि गोष्टी लिहिते.

मला घडवलं मेघालीने. भिवंडीत तिचं छोटंसं ऑफिस आहे, खाली कापड विणणाऱ्या लूमचा सतत खडखडाट. पहिल्या पानावर मृणालीचा हसरा फोटो लावून तिने विचारलं, "ताई, नंबर कुणाचा टाकू? पासवर्ड, मुदतीचे मेसेज, सगळं त्याच्यावरच येणार."

"दादाचा टाक गो. आमच्यात मीटर, गॅस, घरपट्टी, सगळं दादाच्याच नावावर हाय."

"स्वतःचा द्या ना, ताई."

"दादा काय परका हाय?"

झालं! माझी किल्ली तिच्या भावाच्या, प्रितेशदादाच्या खिशात गेली.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. मृणाली थेट माझ्यातच लिहायची, कागदावर उतरवायची सवयच मोडली. लांबलांबचे वाचक यायचे, कौतुक करायचे, आणि मी फुलून जायचे. एका प्रकाशकाने तर कळवलं, "दिवाळीनंतर सगळ्या गोष्टी पाठवा, पुस्तक काढू." त्या दिवशी ती किती रडली, सांगू!

मग तिने खाजणाची गोष्ट लिहिली. खाडीकाठचं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी सामावून घेणारी दलदल, चोरून मातीने भरतात, वर गोडाऊन उभं राहतं, आणि भरतीचं पाणी लोकांच्या घरात शिरतं. गोष्टीत नाव कुणाचंच नव्हतं. पण भरावाचे डंपर कुणाचे, हे अख्ख्या अंजूरला ठाऊक होतं.

दादा आला. "ही गोष्ट काढ."

"न्हाय काढणार, दादा. खोटं काय लिवलंय त्यात?"

तो चिडला नाही. "बरं, राहू दे," म्हणाला आणि जेवून गेला.

माझी वर्षाची मुदत संपत आली आहे; पैसे भरले नाहीत, तर मी बंद पडणार आणि तिच्या सगळ्या गोष्टी माझ्याबरोबर पुसल्या जाणार. पुन्हा पुन्हा इशारे जातात ते दादाच्या फोनवर. तो ते उघडतो, वाचतो आणि पुसून टाकतो. मला सगळं कळतं, पण ओरडता येत नाही.

काल तिने विचारलंही, "दादा, वेबसाईटचा काय मेसेज आला काय?"

"न्हाय गो. आला की सांगतो ना. तू लिव निवांत."

इतक्या मायेने बोलला की ती खरंच निवांत झाली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी तिचे वाचक असाल, तर तिला आजच सांगा. सगळ्या गोष्टी उतरवून घे म्हणावं, दार अजून उघडं आहे. आणि तुम्हीही आपल्या लिखाणाची किल्ली आपल्याच हाती ठेवा, माणूस कितीही जवळचा असला तरी.

माझं ऐकू येतंय ना कुणाला? ती आत्ता माझ्यातच नवी गोष्ट लिहिते आहे. भावाबहिणीची आहे, आणि सुरुवात फार गोड जमली आहे.